टाचणीबाईंची भिंत

मालकांनी भिंतीवरच्या काळ्या डागाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि निकाल दिला, "सावली आहे."

टाचणीबाईंनी टेबलावरचा दिवा उचलून खोलीभर फिरवला. सावली जागची हलली नाही.

शिवताना तोंडात टाचण्या धरायची सवय, म्हणून अख्खी इमारत त्यांना टाचणीबाई म्हणे. या एकाच खोलीत त्या राहत आणि इथेच लोकांचे कपडे शिवत. एसीचं पाणी भिंतीवरून ओघळायला लागल्यापासून मात्र शिवलेल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला होता. कालच एक गिऱ्हाईक कोट परत टाकून गेलं. असंच चाललं तर मशीन विकायची पाळी येणार होती.

"खिडकी उघडत नसाल," मालक म्हणाले.

"उघडते. पाण्याला बाहेरची वाट दाखवते. ते ऐकत नाही."

"एसी तुम्ही लावता. वापरणाऱ्याची जबाबदारी."

"छपरही मीच वापरते, मालक. ते कोसळलं तर विटा मी रचायच्या?"

दारातून खुदकन हसू ऐकू आलं. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या काकू कधीच्या तिथे उभ्या होत्या. भाजी चिरायला घेऊन आल्या होत्या, म्हणजे लवकर हलणार नव्हत्या.

मालक खुर्चीवर टेकले, आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, तुमच्या छातीला ही हवा बरी नाही. सोडा ही खोली. दुसरीकडे व्यवस्था करतो. कोरडी, मोठी खोली. भाडं नको."

"फुकटच्या खोलीत मशीन किती वाजता बंद करायचं ते दुसरे ठरवतात," टाचणीबाई म्हणाल्या. "इथे आपण मालक आणि भाडेकरू. बाकी काही नाही. ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय," मालक पुटपुटले.

"मग मालकासारखं वागा. एसी तुमचा, भिंत तुमची. माणूस पाठवा."

"माणूस परवाच आला होता की!" काकूंनी सुरी हवेत रोखली. "यांनी फाटकातूनच परत पाठवला. मी गॅलरीतून पाहिलं."

मालक आपल्या बुटांकडे बघू लागले.

टाचणीबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. मग स्टूल ओढलं, मोडक्या छत्रीची काडी घेतली, पदर खोचला आणि वर चढल्या.

"अहो, काय करताय?" मालक ताडकन उठले.

"मालकाचं काम."

"उतरा! ते स्टूल डगमगतंय!"

"स्टूलही तुमचंच." त्यांनी पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत काडी खुपसली. "मी ही खोली सोडणार नाही. बुरशी छतापर्यंत चढू दे, मी खरवडून काढीन. ऐकलंत?"

मालकांनी धावत येऊन दोन्ही हातांनी स्टूल धरलं. नळीतून काळा, बुळबुळीत गोळा सुटला आणि थेट त्यांच्या कॉलरमध्ये गेला. ते हलले नाहीत. बाहेरच्या बाजूला पाणी धो धो पडू लागलं.

"शाब्बास!" काकू ओरडल्या. मग त्यांनी मालकांकडे मोर्चा वळवला. "लाज नाही वाटत? एकट्या म्हाताऱ्या बाईला असं पाण्यात बसवून घराबाहेर काढता? घरात आई आहे की नाही तुम्हाला?"

"आहे ना," मालक स्टूल आणखी घट्ट धरत म्हणाले. "ही काय, वर उभी आहे. किती विनवलं, माझ्या घरी राहायलाच येत नाही."