चार होकार

रविवारी सकाळी अकरा वाजता मंजुषा आणि तिचा थोरला भाऊ गोकुळ मुकुंदवाडीतल्या एका दुमजली घरापाशी पोचले. एकाच घरात दोघांचीही स्थळं होती.

साटंलोटं होतं. मंजुषा या घरातल्या रामेश्वरला द्यायची आणि रामेश्वरची बहीण रत्नमाला गोकुळला करून घ्यायची. मध्यस्थ मोतीराममामांनी फोनवर नियम सांगून ठेवला होता. चौघांचे चार होकार लागतील. एकानं जरी नाय म्हटलं तरी विषय तिथंच संपला, जबरदस्ती कुणावर नाय.

या नियमाच्या भरवशावरच मंजुषा आली होती. गोकुळ चौतिशीला टेकला होता. लासूर स्टेशनजवळ शेती, आणि शेतीवाला नवरा कुठल्याच मुलीला नको. त्याचं जमावं असं तिलाही वाटायचं. पण तिच्या आत्याचं साटंलोटं तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. इकडं काकांनी काकूवर आवाज चढवला, की तिकडं आत्याची पिशवी भरून तिला माहेरी धाडलं जायचं. आत्याचं स्वतःचं कधी कुणाशी भांडण झालंच नव्हतं.

नकार समोरून आला तर भावाचा राग तिच्यावर निघणार नाही, असा तिचा हिशेब होता.

गोकुळ वाकून आत गेला. त्याच्या मागोमाग मंजुषा गेली आणि तिचं कपाळ चौकटीवर आदळलं.

"लागलं का पोरी?" रामेश्वरची आई सारजाबाई पुढं आली. "बुटकी हाय चौकट. नवं माणूस आपटतंच."

मोतीराममामा आणि रामेश्वर आधीच येऊन बसले होते. पोहे आले. सारजाबाईनं मंजुषाला वाळूजची कंपनी, शिफ्ट, होस्टेल, चष्म्याचा नंबर, सगळं विचारलं. गोकुळला कुणी काही विचारलं नाही. मुलाला कोण विचारतं, मंजुषाच्या मनात आलं.

"रत्नमाला कुठंय?" तिनं विचारलं.

"पित्त झालंय तिला," सारजाबाई म्हणाली. "येती थोड्या येळानं."

आतल्या खोलीचा पडदा किंचित हलला. गोकुळ बशीतले पोहे चमच्यानं गोळा करत राहिला.

"तुम्ही दोघं वर जा," मामा मंजुषाला आणि रामेश्वरला म्हणाले. "कुणाचा काय छंद, कुणाचा कोणता देव, सांगा एकमेकांना. आमच्या टायमाला तर मांडवातच तोंड दिसायचं. तुमच्या मामीचं बघितलं आन्‌ अक्षता खालीच सांडल्या माझ्या."

"मामीला सांगू का?" गोकुळ म्हणाला. सगळे हसले.

गच्चीवर कबुतरांची खुराडी होती. रामेश्वर एसी दुरुस्तीचं काम करायचा. तिशीचा, शांत माणूस.

"हाच छंद," तो म्हणाला. "मायला पटत नाय. तुमचा?"

"झोपणं. आणि एकटीनं सिनेमे बघणं."

"चालंल."

"मी उपास करत नाही. देवळात गेले तर बाहेर चपलांपाशी बसते."

"बाहेर एक जण लागतोच."

"स्वयंपाक येत नाही."

"मला येतो. भरीत तर लई भारी."

"नोकरी सोडणार नाही. नाइट शिफ्ट असते."

"चालंल."

मंजुषाला घाम फुटला. तिनं शेवटचं ठेवलेलं काढलं. "माझं कॉलेजात एका मुलावर प्रेम होतं. तीन वर्षं."

रामेश्वरनं ओंजळीतली ज्वारी खाली टाकली. "चांगला होता का?"

"होता."

"मंग बरंय."

"तुम्हाला न चालणारं काही आहे की नाही?"

तो कठड्याला टेकून खाली गल्लीकडं बघत राहिला. "आहे ना," तो म्हणाला. "पण मला कुणी विचारलं नाय."

"मी विचारतेय. तुम्हाला हे लग्न करायचंय का?"

"मी हो म्हणणार आहे."

"मी ते नाही विचारलं."

एक कबुतर त्याच्या मनगटावर येऊन बसलं. त्यानं ते अलगद खुराड्यात ठेवलं आणि कडी लावली.

"मग मीच नाही म्हणते," मंजुषा म्हणाली. "एक नकार पुरेसा आहे."

"खाली जाऊन आधी तुमच्या भावाशी बोला. एकट्यात."

"त्याच्याशी काय बोलायचं? त्याला दुसरी मिळेल. तुमच्या बहिणीला तर त्यानं अजून बघितलंही नाही."

रामेश्वरनं खुराड्याची कडी पुन्हा एकदा ओढून बघितली.

"बोला त्याच्याशी," तो पुन्हा म्हणाला.

ती जिना उतरली. खाली मामांनी तिच्याकडं बघत भुवया उडवल्या. "काय मग? जमले का छंद?"

गोकुळला बाहेर बोलवावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण तो आशेनं बघत होता. एकट्यात बोलले तर आपण विरघळू, हे तिला माहीत होतं.

"माणूस चांगला आहे," ती उभ्यानंच म्हणाली. "पण मला हे लग्न करायचं नाही. माझा नकार आहे."

कुणी ओरडलं नाही. मामांनी बशी खाली ठेवली. सारजाबाईनं मंजुषाकडं बघितलंच नाही. ती गोकुळकडं बघत होती.

"जावईबुवा" असं काहीतरी तिच्या तोंडून निघाल्यासारखं वाटलं, पण त्याच वेळी आत भांडं पडलं आणि मागोमाग कुणीतरी कोसळल्याचा आवाज आला.

सगळ्यांच्या आधी गोकुळ धावला. त्याच्या हाताबरोबर अर्धा पडदा खाली आला. रत्नमाला भिंतीला टेकून फरशीवर बसली होती, एक हात पोटावर. गोकुळ तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. त्यानं फळीवरून न बघता पाण्याचा तांब्या काढला आणि तिच्या तोंडाला लावला.

"सकाळची गोळी घेतली होती का?" त्यानं हळू विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. दारात उभ्या मंजुषाकडं तिची नजर गेली आणि तिनं पाय साडीखाली ओढून घेतले. पण तेवढ्यात दिसायचं ते दिसलं होतं. दोन्ही पायांच्या बोटांत चांदीची नवी जोडवी होती.