पिवळी ओळ

देशभरातले पीएच.डी.चे खुले प्रबंध लोकांना ऑनलाइन चटकन सापडावेत, यासाठी मैत्रेयी महादेवपुऱ्यातल्या सॉफ्टवेअर ऑफिसात राबायची. "माझा प्रबंध सापडतो का गं?" बाबा दर फोनला विचारायचे. "बघते हं," म्हणून ती विषय बदलायची.

बाबा गेल्यावर तिने शोधला. क्षणात सापडला.

स्क्रीनवर प्रबंधाची पहिली ओळ पिवळी दिसत होती. ती वाचून होताच पिवळा रंग आपोआप खालच्या ओळीवर सरकला.

"नागराज, ही सोय तू केलीस?" तिने शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं.

"नाही अक्का. अशी सोयच नाही आपल्यात."

लहानपणी बाबा असंच ओळीवर बोट ठेवून तिला वाचायला लावत. अडखळली, की बोट मागे नेत.

तिचे डोळे भरले. अक्षरं पुसटली, वाचन मध्येच थांबलं.

पिवळा रंग हळूच मागे, ओळीच्या पहिल्या शब्दावर आला.