रोज एक तास, चहासोबत

डॉ. मुजावरांनी गोळी लिहिलीच नाही. चिठ्ठीवर एवढंच होतं : ‘मालिनी शेट्ये, रोज एक तास, चहासोबत.’ नरहरी पोंक्ष्यांच्या मनगटावरची पट्टी रक्तातला एकटेपणा मोजायची. बायको गेल्यापासून चार वर्षं आकडा नव्वदीखाली उतरला नव्हता.

मालिनीबाईंनी चहा केला. दोघं अवघडून हवापाण्याचं बोलले. तास भरला, तरी पट्टीवर ब्याण्णवच.

‘माणूस काय औषध असतं?’ असं मनाशी म्हणत पोंक्षे उठले. “बरंय, जातो.”

“अहो, जातो काय म्हणता!” मालिनीबाई कडाडल्या. “येतो म्हणा!”

चपलेत पाय घालताना पोंक्षे थबकले. असं दारात दटावणारं माणूस चार वर्षांत भेटलं नव्हतं. घराला कुलूप लावताना ‘येतो’ म्हणायचं तरी कुणाला?

“येतो,” ते म्हणाले.

मनगटावरची पट्टी थरथरली. ऐंशी. एकाहत्तर. त्रेपन्न. एका साध्या शब्दानं डोळ्यांदेखत रक्त पालटत होतं. पोंक्षे आकड्याकडे बघत राहिले.

मालिनीबाईंनी पदराआडचा हात हळूच पुढे केला. त्यांच्याही मनगटावर पट्टी होती आणि तिच्यावरचाही आकडा झरझर उतरत होता.

“परत एकदा म्हणा बरं,” त्या म्हणाल्या.