दोन मिस्ड कॉल

लागोसच्या बाजारात स्वस्त स्मार्टफोन विकणाऱ्या उगोनाने गावी एकट्या राहणाऱ्या आईलाही एक पाठवला. जुन्या फोनवर दोघांचं ठरलेलं होतं: एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे लगेच निघून ये. दोन कधी आलेच नव्हते.

नव्या फोनवरून पहिल्याच दिवशी एकोणीस आले.

"आई, काय चाललंय?" त्याने फोन करून विचारलं.

"अरे, नुसतं बोट लागलं तरी कॉल जातो याच्यावरून," आई ओशाळली.

त्याने हसत तिचा नंबर सायलेंट केला.

शनिवारी शेजारणीने आई गेल्याचं कळवलं. गावी पोचल्यावर त्याने आईचा फोन उघडला. ती शिकली होती. गुरुवारी सकाळी दोन कॉल. तासाभराने पुन्हा दोन. संध्याकाळपर्यंत दोन-दोनच. चुकून तिसरा एकदाही लागला नव्हता.