बारा ते चार

“ऊन सांगणाऱ्याला ऊन लागत नाही गं पोरी,” विटा वाहून दमलेले बाबा रेडिओ बंद करताना म्हणायचे. ती हवामान कचेरीत लागली, तेव्हा बाबा राहिले नव्हते.

आज सकाळी अंदाज तिनंच लिहिला. दुपारी बारा ते चार उष्णतेची धोकादायक लाट, उघड्यावर कोणतंही काम करू नये. उद्या पहाटेपासून मुसळधार पाऊस. साहेबांनी नेमका शेवटचा तुकडा उचलला आणि ठेकेदाराला फोन लावला, “उद्या धो धो आहे. आमच्या गच्चीवरचं डांबर आजच संपवा.”

“साहेब, वर एक म्हातारे काका आणि त्यांची सून आहे. काकांना मघाशी भोवळ आली. वरून ऊन, खालून डांबर, माणसांच्या लाह्या होतील,” ती म्हणाली.

“अगं, त्यांना सवय असते. तू कशाला जिवाला लावून घेतेस? एसी वाढवू का जरा?”

ती अंदाजाचा कागद घेऊन कचेरीतल्या रेडिओच्या माइकपुढे जाऊन बसली. बाराला माइकचा लाल दिवा लागला. वर छतावर डांबराचा डबा खरखरत सरकला. काचेपलीकडून साहेबांनी ‘चालू कर’ अशी खूण केली. तिनं अंदाज शब्दन्‌शब्द वाचला आणि कागद पालथा घातला.


“आणि ऐकणाऱ्यांनो, हा अंदाज देणाऱ्या आमच्याच कचेरीच्या गच्चीवर आत्ता दोन माणसं उकळतं डांबर ओततायत, कारण आमच्या साहेबांना उद्या छत गळायला नकोय. साहेब, मला कामावरून काढायचं ते नंतर काढा, आधी त्यांना खाली उतरवा!”