घरी विचारून सांगतो

माझ्या फोटोफ्रेमच्या दुकानासाठी क्रेडिट कार्ड घ्यायचं होतं. काचवाला आता आगाऊ पैसे मागतो. बँकेतल्या मुलीनं माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एका कार्डाला वर्षाची फी नव्हती, पण मर्यादा कमी. दुसऱ्याला फी होती, पण पैसे भरायला पन्नास दिवस मिळत होते.

"काका, कुठलं करू?"

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो. तीस वर्षं पैशाच्या कुठल्याही गोष्टीला माझं हेच उत्तर आहे.

ती हसली. "विचारा, विचारा. काकूंना विचारल्याशिवाय इथे कोणीच सही करत नाही."

कागद घरी नेले. जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले, उडू नयेत म्हणून वर बायकोच्या चष्म्याची डबी ठेवली. चार दिवस ते तसेच पडून होते. पाचव्या दिवशी उचलून पुन्हा बँकेत गेलो.

"काय म्हणाल्या काकू?"

"काही बोलली नाही."

"मग सुटलात. आमच्याकडे आई गप्प बसली की बाबा होकारच धरतात. पन्नास दिवसांचं करते, धंद्याला तेच बरं."

मी मान हलवली.

फॉर्म तिनंच भरला. वैवाहिक स्थितीपुढे मला न विचारता 'विवाहित' लिहिलं. माझ्या बायकोला जाऊन त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते. मी ते खोडायला लावलं नाही. खाली सही केली.