येऊ दे, येऊ दे

“सही नाही करणार,” ताई म्हणाली आणि तिने पेनाला टोपण लावलं.

धाकटा टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. गाडीच्या कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा बोर्ड त्याने बनवला होता. मधली नखाएवढी चिप त्याने निवडलेली, तिच्याभोवतीचा पसाराही त्याच्याच डोक्यातून निघालेला. आणि तो बोर्ड तपासून पास करायचं काम ताईचं. सख्खी भावंडं एकाच कंपनीत, त्यातही ही अशी समोरासमोर. घरी जुंपली तर निदान आई मध्ये पडायची. इथे लॅबमध्ये कोण पडणार?

“अगं, संध्याकाळी माल निघतोय. तुझ्या एका सहीसाठी अडलंय सगळं. साहेब माझ्या डोक्यावर बसलेत.”

“बसू देत.”

“थंडीत पास, उन्हात पास, हादऱ्यांत पास. टेस्ट तूच घेतल्यास ना? मग आजच काय अंगात आलंय तुझ्या?”

घेतल्या होत्या तिनेच, आणि तेच तिला सकाळपासून खात होतं. टेस्टच्या वेळी कॅमेऱ्यासमोर भिंतीवर रंगीत चौकटींचा तक्ता टांगलेला असे. पडद्यावर चौकटी स्वच्छ दिसल्या की पास. वर्षानुवर्षं तोच तक्ता, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज सकाळी वीज कमी-जास्त करून बघताना त्या तक्त्यावर एक माशी येऊन बसली. ताईने हाकलली. माशी गेली खिडकीवर, पण पडद्यावर मात्र तक्त्यावरच ठाण मांडून बसलेली!

हे सांगितलं तर धाकटा हसलाच. “माशीसाठी माल अडवतेस?”

ताईने तक्ता काढला, दारावरचं घड्याळ उतरवलं आणि तक्त्याच्या जागी टांगलं.

“सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं ना, तसं बंद कर. आणि आता परत चालू कर.”

लॅबमध्ये इंजिन कुठलं असायला. इंजिन चालू होताना बॅटरी क्षणभर दबते, तशी वीज दाबणारं एक यंत्र होतं. धाकट्याने त्याचं बटण दाबलं.

पडद्यावरचा सेकंदकाटा थांबला. खोलीत टिकटिक चालूच होती. धाकटा एकदा पडद्याकडे बघे, एकदा घड्याळाकडे. मग पडद्यावरच्या काट्याने टुणकन उडी मारली आणि खऱ्या काट्याला गाठलं.

“बघितलंस? विजेचा जोर घटला की तुझी चिप कॅमेऱ्याची वीज तोडते आणि सावकाश परत देते. तोवर पडदा जुनंच चित्र दाखवत बसतो. तक्ता हलत नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही.”

“ते मी मुद्दाम केलंय,” तो घाईने म्हणाला. “मध्येच पडदा काळा पडला की लोक घाबरतात. म्हणून शेवटचं चित्र धरून ठेवतो.”

“काळा पडला तर माणूस ब्रेक तरी मारेल. तू त्याला मोकळी जागा दाखवतोयस.”

“क्षणभराची तर गोष्ट! खरं सांग ताई, दुसऱ्या कुणाचा बोर्ड असता तर एवढी खोदत बसली असतीस?”

“खोदलंच असतं. फक्त नाही म्हणताना इतकं जड गेलं नसतं.”

त्याचा चेहरा उतरला. चिप बदलायची म्हणजे बोर्ड नव्याने काढायचा, सगळं पहिल्यापासून. टीमचं प्रमुखपद त्याच्या हाताशी आलं होतं, तेही आता दुसऱ्याच्या पदरात पडणार. ताईला हे ठाऊक होतं. तरी पेनाचं टोपण तिने काढलं नाही.

“आज सकाळी गाडी काढताना बाबांना काय म्हणालास?” तिने विचारलं.

“बाबांचं काय इथे मध्येच?”

“काय म्हणालास?”

बाबा रोज धाकट्याच्या गाडीमागे उभे राहायचे. हात हलवत, ‘येऊ दे, येऊ दे’ करत त्याला फाटकाबाहेर काढायचे. पण हा बोर्ड त्याने आधी स्वतःच्याच गाडीत बसवला होता. आज त्याने काच खाली करून सांगितलं होतं, ‘बाबा, व्हा बरं बाजूला. कॅमेरा आहे आता.’ बाबा हसून ‘बरं बाबा’ म्हणाले होते. ते बाजूला झाले की नाही, हे मात्र त्याने वळून बघितलं नव्हतं. पडद्यावर मोकळं दिसलं, तेवढं त्याला पुरलं होतं.

तो स्टुलावर बसला. मग त्याने फोन लावला.

“साहेब, माल थांबवा… नाही, ताईने नाही अडवला. मीच अडवतोय.” पलीकडून आवाज चढला तसा त्याने फोन कानापासून लांब धरला आणि ओरडणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. “हो साहेब, परिणाम माहीत आहेत. नवा बोर्ड काढतो. आजच बसतो.”

ताईने तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला. घड्याळ भिंतीवर तसंच राहू दिलं.

काम आटोपून दोघं बाहेर आले तेव्हा आवार रिकामं झालं होतं. धाकट्याने गाडी चालू केली आणि रिव्हर्स टाकला. पडद्यावर आवार लख्ख दिसत होतं. त्याने खिशातून रुमाल काढला, पडद्यावर टाकला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“ताई, जरा मागे बघ ना.”

ताई पर्स काखेला मारून गाडीमागे जाऊन उभी राहिली.

“येऊ दे,” ती हात हलवत म्हणाली. “येऊ दे… येऊ दे… अजून येऊ दे…”

डिकीवर तिची थाप पडली आणि गाडी जागच्या जागी थांबली.